तीन दगडांची खूण

परत आल्यापासून शाळेतल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात, "लुगडं चाकात नाही का अडकत?" तेव्हा आधी त्याचे उत्तर देऊन टाकते. काष्टा घट्ट मारला आणि पदर कमरेला खोचला तर काही अडकत नाही. अडकतात त्या दुसऱ्याच गोष्टी. नाताळच्या सुटीत कुणाला आमच्यासारखे सायकलवरून भोर-वेल्ह्याच्या डोंगरात जावेसे वाटले, तर त्या गोष्टी आधी ठाऊक असाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दोघेच गेलो होतो. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते, वय पंचेचाळीस. माझे यजमान कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, वय बावन्न. घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून इथेही नानाच. नानांना माळावरची गवते पाहायची होती आणि मला नानांना बाहेरची हवा द्यायची होती, कारण त्यांना दमा आहे. डॉक्टर म्हणाले, "जा, पण चढावर घाई नको. दम लागला की थांबायचं, एक गोळी गरम पाण्याबरोबर घ्यायची, आणि बोलायचं नाही."

याद्या मी तीन केल्या. एक सायकलींची, एक सामानाची आणि एक नानांची. नानांच्या यादीत मफलर, लोकरी बनियन, जादा चष्मा आणि गोळ्यांची पत्र्याची डबी. या चारही वस्तू मी माझ्या पिशवीत ठेवल्या. नानांच्या खिशाला भोक असो वा नसो, त्यातून वस्तू पडतेच. मागच्या दिवाळीत त्यांनी सिंहगडावर चष्मा हरवला होता आणि त्याबद्दल त्यांना काही वाटलेही नव्हते, कारण त्याच जागी त्यांना एक नेचा सापडला होता. म्हणून डबी माझ्याकडे. यात चूक होईल असे मला तेव्हा वाटले नाही.

नसरापूर

कात्रजचा घाट आम्ही हातात सायकली धरून चढलो. नाना चार पावले चालत आणि एक झाड पाहत. मी शेजारी उभी राहिले की त्यांना वाटे, हिला खोळंबा होतो; मग ते घाई करत आणि छातीतून बारीक शिट्टी वाजू लागे. घाटमाथ्यावर मी ठरवले की आपण एकटीने पुढे जायचे. मी दिसले नाही म्हणजे ते आपल्या गतीने येतील. पुढे जाऊन पाण्याची आणि उतरण्याची सोयही पाहता येईल. नानांना हे फार आवडले.

पण मग फाटे आले की त्यांनी कुठे वळायचे? पहिल्या दिवशी मी कागदाच्या चिठ्ठ्या काटक्यांत खोचून ठेवल्या. पहिली वाऱ्याने नेली आणि दुसरी एका शेळीने खाल्ली. नानांनी शेळीला खाताना पाहिले म्हणून ती चिठ्ठी होती हे तरी कळले. नसरापुरास पोचेपर्यंत माझी मान मागे वळून वळून दुखू लागली होती. रात्री मुक्कामी शेकून घेतली.

मार्गासनी

नसरापूर सोडले की खडीचा रस्ता संपतो आणि मुरूम सुरू होतो. मुरमावर सायकल चालवण्याचे शास्त्र वेगळे आहे. हवा थोडी कमी ठेवावी. उतारावर पुढचा ब्रेक दाबू नये. चाक घसरून आडवे होते आणि आपण कडेच्या करवंदीत जातो. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांत धूळ असते, मधल्या पट्ट्यावर गवत असते. त्या पट्ट्यावरून चालावे. हे तिसरे मी डाव्या कोपरावर शिकले.

पण वाट सुंदर. दोन्ही अंगांना कापणी झालेली भाताची खाचरे, पलीकडे हिरड्या-जांभळाची दाट झाडी, आणि झाडी संपली की एकदम उघडा, पिवळा माळ. समोर राजगड आपला उभाच. तो जवळ येतो आहे असे दुपारपर्यंत वाटत राहते आणि तो येत नाही.

मार्गासनीत एका शेतकऱ्याच्या ओसरीवर उतरलो. नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले आणि वाफेचा आंबेमोहर. एवढा वास मी पुण्यात भाताला कधी घेतला नव्हता. घरच्या बाईने माझी सायकल चारी बाजूंनी पाहिली आणि विचारले, "हिला चारा न्हाई, पानी न्हाई?" मी म्हटले, "तेल लागतं." ती म्हणाली, "म्हंजे सासूवानीच म्हना की. त्याल लावलं की गप."

इथे मी नवी खूण काढली. फाटा आला की जी वाट धरायची तिच्या तोंडाशी तीन दगड एकावर एक रचायचे आणि वरच्या दगडाखाली हिरवा डहाळा दाबायचा. वारा नेत नाही, शेळी डहाळा खाईल पण दगड राहतील. मागून येणाऱ्याने ती वाट धरायची आणि जाताना दगड पायाने विस्कटायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाची दिशाभूल होणार नाही. त्या दुपारी जवळच्या पाली गावाच्या बाजूला जाऊन येताना हा प्रयोग पाच फाट्यांवर केला. नाना पाचही वेळा बिनचूक आले. मी वहीत लिहिले : खूण पक्की.

माळ

तिसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून भोरकडे उतरायचे होते. शेतकऱ्याने गाडीवाट समजावून दिली होती. मोठा माळ लागेल, माळावर वाट फुटेल, उजवीने खिंडीत जायचे. आम्ही उजाडताच निघालो. माळावर गुडघाभर वाळलेले गवत, मधूनमधून तरवडाची झुडपे. वारा समोरून. नाना मागे खाली बसून एका कणसाकडे भिंगातून पाहत होते. त्यांनी हात हलवला. मी घंटी दोनदा वाजवली आणि पुढे निघाले.

फाटा सापडला. उजव्या वाटेच्या तोंडाशी तीन दगड रचले, डहाळा दाबला. डाव्या वाटेच्या कडेला एक जुने, वाकडे आंब्याचे झाड होते. ते मी पाहिले, पण त्याचा विचार केला नाही.

खिंडीत पोचले तेव्हा माझ्या मनगटी घड्याळात पावणेनऊ झाले होते. नाना साडेनवाला यावेत असा हिशेब होता. साडेनऊ झाले. मी भाकरी सोडली, दोन वाटण्या केल्या आणि परत बांधली. दहा झाले. मनाशी म्हटले, गवत सापडले असेल. साडेदहा झाले. म्हटले, चाक पंक्चर झाले असेल. पण पंप आणि रबर त्यांच्याच सायकलला होते आणि पंक्चर त्यांना काढता येते. मग मी उगाच पिशवी उघडून सामान यादीबरोबर ताडून पाहू लागले. मफलर. बनियन. चष्मा. डबी.

डबी हातात घेतली आणि तशीच बसले. आतापर्यंत ती माझ्याकडे आहे याचा मला धीर होता. त्या क्षणी कळले की ती माझ्याकडे आहे म्हणजे ती नानांकडे नाही.

परत फिरताना उतार होता. पुढचा ब्रेक दाबायचा नाही हे विसरून मी दोनदा पडले. प्रत्येक वळणावर वाटे, आता दिसतील. दर शंभर पायडलांना घंटी दोनदा वाजवत होते आणि उत्तर ऐकायला थांबत होते. गवताच्या सळसळीखेरीज काही ऐकू येत नव्हते.

फाट्याशी आले आणि पाहते तो माझे दगड जागेवर नाहीत. नानांनी विस्कटले म्हणावे तर इकडेतिकडे पडलेलेही नाहीत. मग डावीकडे पाहिले. वाकड्या आंब्याच्या बुंध्याशी दगडांचा ढीग. तीन नाही, मोजले तर अकरा. वर माझा डहाळा आणि त्यावर आणखी ताजे डहाळे. शेजारी गवताचा भारा उतरवून एक उंच, काळीसावळी बाई हात जोडून उभी होती.

"हे दगड इथं कुणी आणले?" मी विचारले. आवाज चढला होता.

"म्या आनलं," ती शांतपणे म्हणाली. "सकाळी वाटंतच मांडलं हुतं कुनीतरी. द्योव वाटंत ठिवत्यात व्हय? गाडीचं चाक गेलं असतं अंगावरनं. म्हून उचलून झाडाखाली बसवला. मागनं आमच्या बाया आल्या, त्यांनी बी येक येक ठिवला."

"अहो, तो देव नव्हता! ती खूण होती. मी ठेवली होती."

"वर पाला घातल्याला हुता की," ती म्हणाली. "वाटंवरच्या द्येवाला पाला घालत्यात, दगुड ठिवत्यात. जानाऱ्याचं पाय दुखू न्हाईत म्हून. खुनंला कोन पाला घालतं?"

मी विचारले, चष्मेवाला, सायकलवाला माणूस पाहिला का. नाही, ती गवताला गेली होती, आत्ताच फिरली. ही डावी वाट कुठे जाते?

"आमच्या धनगरवाड्याला. लई चढ हाय. वाड्याफुडं वाट न्हाई, कडाच हाय."

तिचे नाव ठकूबाई. मी दोन वाक्यांत सगळे सांगितले. माणूस दमेकरी आहे आणि औषध माझ्यापाशी आहे. तिने भारा तिथेच टाकला, विळा कमरेला खोचला आणि पुढे चालू लागली. चालता चालता मागे न बघता म्हणाली, "घरधनी मागं सोडून बायामानूस फुडं! आमी शेरडं बी अशी सोडत न्हाई, बाई."

सायकल मी आंब्याला टेकवून ठेवली होती. वाटेवर फुफाटा होता आणि त्यात नानांच्या टायरची नक्षी स्पष्ट उमटली होती. थोड्या अंतरावर ती नक्षी नागमोडी झाली. मग तिच्या बाजूला बुटांचे ठसे सुरू झाले. म्हणजे ते उतरून चालू लागले होते. मला मोजण्याची सवय आहे आणि ती अशा वेळीही सुटत नाही. पहिल्यांदा ते थांबले होते दीडशे पावलांवर. तिथे दोन्ही बूट शेजारी शेजारी खोल उमटले होते. दुसऱ्यांदा ऐंशी पावलांवर. मग चाळीस. मग पंधरा. मग एका दगडाशी सायकल आडवी पडलेली, आणि बुटांचे ठसेही संपलेले.

सायकलीजवळ माणूस नव्हता.

ठकूबाईने वाकून धूळ पाहिली. "हितनं उचलून नेलाय," ती म्हणाली. "ह्यो आमच्या म्हाताऱ्याचा पाय. अन् ह्यो त्येच्या लेकाचा. पावलं लई खोल गेल्यात. वजन हुतं अंगावर."

मी ते खोल ठसे मोजू लागले. तिने माझा दंड धरला आणि मला चढावर ओढले.

वाडा

चार झोपड्या, काटेरी कुंपणाचा वाडगा, दोन कुत्री. एका झोपडीच्या सावलीत घोंगड्यांची वळकटी पाठीशी लावून नानांना बसवले होते. तोंड उघडे, ओठ निळसर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. एक म्हातारा त्यांच्या मागे बसून सावकाश पाठ चोळत होता. तो ठकूबाईचा सासरा बिरूबाबा.

"या मास्तरीनबाई," तो म्हणाला. मी मास्तरीण हे त्याला कसे कळले देव जाणे. "हाय तुमचा मानूस. निजू दिला न्हाई म्या. निजला की दम कोंडतो."

नानांनी मला पाहिले आणि एक बोट वर केले. हे आमचे घरचे ठरलेले आहे : एक बोट म्हणजे बोलता येत नाही पण समजते आहे. दोन बोटे म्हणजे डॉक्टर आणा; ती मी अजून पाहिलेली नाहीत.

डबी काढली, तर झाकण निघेना. दोन दिवसांची मुरमाची धूळ कडेला बसून ते घट्ट झाले होते. माझी बोटे घामाने घसरत होती. ठकूबाईने डबी माझ्या हातातून घेतली, विळ्याचे टोक फटीत घातले आणि एक हिसका दिला. गोळ्या तिच्या ओंजळीत सांडल्या. एकही खाली पडू दिली नाही तिने. चुलीवर गुळाचा कोरा चहा उकळतच होता; त्याचे दोन पेले नानांना आधीच पाजलेले होते. तिसऱ्याबरोबर गोळी दिली.

मग काहीच करायचे उरले नाही, आणि तोच वेळ सर्वांत कठीण गेला. मी घड्याळ पाहत नानांचे श्वास मोजत होते. मिनिटाला चौतीस. दहा मिनिटांनी पुन्हा चौतीस. बिरूबाबा म्हणाला, "मोजू नगा. मोजल्यानं मेंढरं वाढत न्हाईत." मी घड्याळ पदराखाली झाकले आणि मनातल्या मनात मोजत राहिले. तीस झाले. अठ्ठावीस झाले. शिट्टी बारीक झाली. ऊन झोपडीच्या दारातून सरकून वाडग्याच्या कुंपणावर गेले तेव्हा नानांच्या ओठांना रंग आला आणि ते पहिले वाक्य बोलले.

"आज... इतके दगड का रचलेस?"

मी मफलर काढून त्यांच्या गळ्याला गुंडाळला.

"मला दिसत होतं, वाट चढाची आहे," ते थांबत थांबत म्हणाले. "खिंड उजवीकडे दिसत होती. एकदा वाटलं, हिची चूक झाली. मग म्हटलं, तुझी खूण म्हणजे खूण. आणि अकरा दगड पाहून वाटलं, आज हिला फारच काळजी आहे."

"मग विस्कटले का नाहीत?"

"सायकलवरून उतरवत नव्हतं गं."

त्या रात्री तिथेच राहिलो. एक गोष्ट लिहून ठेवते. आमच्याकडे पेठेत पाहुणा दारात आला की आधी नाव, मग गाव, मग कुणापैकी, आणि मग पाणी. इथे नानांना उचलून आणले, चहा पाजला, पाठ चोळली. त्यांचे नाव विचारले ते संध्याकाळी, भाकरी आणि दूध पुढे ठेवल्यावर.

नानांचे नाव विचारून झाल्यावर बिरूबाबा माझ्याकडे वळला. "पयला दगुड तुमचा म्हनं. मग त्येचं बी नाव सांगा. आमाला हाक मारायला पायजे."

मला खोटे बोलवेना. मी म्हटले, "बाबा, तो देव नाही. मागून येणारा माणूस चुकू नये म्हणून मी ठेवलेली साधी खूण आहे."

म्हातारा हसला. "मग येगळं काय सांगताय? वाटंवरचा द्योव दुसरं काय करतो?"

"पर ह्यो चुकलाच की!" ठकूबाई चुलीजवळून म्हणाली, आणि सगळी झोपडी हसली. नानाही हसले आणि खोकले.

"चुकला कुटं?" बिरूबाबा म्हणाला. "वाड्यावर आला न्हवं? खिंडीत कोन बसलं हुतं त्येच्यासाटी?"

खिंडीत मी बसले होते, डबी घेऊन. खरे पाहता चूक ठकूबाईची नव्हती आणि दगडांचीही नव्हती. नानांचा श्वास मी नीटनेटकेपणाने माझ्या पिशवीत बांधून ठेवला होता आणि पुढे निघून गेले होते.

भोरकडे

सकाळी नानांना बरे वाटत होते. बिरूबाबाच्या मुलाने त्यांची सायकल फाट्यापर्यंत हाताने आणून दिली. उतारावर नानांना मी एक शब्द बोलू दिला नाही.

आंब्याखाली रात्रीत ढीग वाढला होता. कुणी हळद वाहिली होती, कुणी खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता. ठकूबाईचा कालचा भारा तसाच पडला होता, तिने तो डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "ठिवा की येक. पयला ठिवलासा, ह्यो बी ठिवा."

माझा नियम असा की वापरून झालेली खूण मोडायची. मी सपाटसा एक दगड शोधला, ढिगावर ठेवला आणि हलत नाही ना हे बोटाने दाबून पाहिले.

"काय मागितलंस?" नानांनी विचारले.

"बोलू नका," मी म्हटले.

मग पिशवी उघडली, डबी काढली, तिचे झाकण तीनदा उघडून लावून पाहिले आणि ती नानांच्या कोटाच्या आतल्या खिशात घातली. खिशाचे भोक आधी चाचपले. भोक होते. सेफ्टी पिन लावली. "आता तुम्ही पुढे," मी म्हटले. "मी मागे."

"पण मी वाटेत थांबेन. तुला खोळंबा होईल."

"होऊ दे."

भोरपर्यंत आम्ही तसेच गेलो. खिंड ओलांडली, झाडीतून उतरलो, नदी दिसू लागली. त्या वाटेचे वर्णन मी फारसे करू शकणार नाही, कारण मी वाट पाहिलीच नाही. मुरमावर चाक उडाले की नानांच्या खिशात डबीतल्या गोळ्या खुळखुळत. दहा हात मागे मला तो आवाज स्पष्ट ऐकू येई. खुळखुळ चालू आहे तोवर सगळे ठीक.

एका वळणावर तो आवाज एकदम थांबला. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि करवंदीत गेले. काटे काढत उठले तेव्हा नाना कडेला उकिडवे बसून भिंगातून एक गवत पाहत होते.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. "हे आपल्याकडे कुठंच नाही."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि ते गवत पाहू लागले.